लिंबाने मासा मुरतो, शिजत नाही

गेल्या महिन्यात एका सकाळी दवाखान्यात एक तरुण आपल्या वडिलांना धरून घेऊन आला. वडिलांचं वय ६८, दहा-बारा वर्षांचा मधुमेह. रात्रीपासून जुलाब, उलट्या, अंगात ताप. जीभ कोरडी, नाडी जलद, लघवी सकाळपासून झालेली नाही. मुलाची अवस्थाही फार बरी नव्हती, पण तो स्वतःच्या पायांवर उभा होता. वडिलांना त्याच तासाला रुग्णालयात पाठवावं लागलं. पाच दिवस सलाईन, क्रिएटिनिन वाढलेलं, स्टूल कल्चरमध्ये साल्मोनेला. आता ते बरे आहेत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

आदल्या दिवशी काय खाल्लं, हा प्रश्न मी नेहमीच विचारतो. मुलगा थोडा अडखळला आणि म्हणाला, "डॉक्टर, सॅल्मन. घरीच क्युअर केला होता. मीठ, साखर, लिंबाची आणि संत्र्याची साल, वरून लिंबाचा रस. दोन दिवस फ्रीजमध्ये. कच्चा नव्हता, लिंबाने शिजवला होता."

मी विचारलं, "सॅल्मन कुठून आणला?"

"ॲपवरून मागवला. इंडियन सॅल्मन."

म्हणजे रावस.

घरात माणसं चार. दोघांनी तो मासा खाल्ला, ते दोघंही आजारी पडले. दोघींनी खाल्ला नाही, त्या ठणठणीत राहिल्या. त्यातली एक या तरुणाची बायको, पाच महिन्यांची गरोदर. तिच्या ताटात दोन चकत्या वाढल्या होत्या. सासूबाईंनी ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "कच्चं ते कच्चं. तू आमटी-भात खा." त्यांचं माहेर उरणचं. मासा कळायला त्यांना रील बघावी लागत नाही.

दोष त्या माशाचाच होता असं मी शपथेवर सांगणार नाही. सुरीचा असेल, पाटाचा असेल, हातांचाही असेल. पण आजार कुठूनही आला असला, तरी तो मारण्याचं काम ज्या लिंबावर सोपवलं होतं ते लिंबाने केलं नाही. आणि लिंबू ते करूही शकत नाही. हा लेख त्यासाठी आहे. गेल्या वर्षभरात "लिंबाने शिजवलेला मासा" हे शब्द मी निदान आठ-दहा रुग्णांच्या तोंडून ऐकले. दर वेळी आवाजात तोच विश्वास. हा विश्वास चुकीचा आहे, आणि जे लोक तो मोबाईलवरून वाटत सुटले आहेत ते लोकांच्या जिवाशी खेळत आहेत, असं मी स्पष्ट म्हणतो.

आधी शब्द नीट वापरू

आपली मराठी या बाबतीत फार काटेकोर आहे. भात शिजतो. लोणचं मुरतं. इडलीचं पीठ आंबतं. दूध नासतं. चार वेगळ्या क्रिया, चार वेगळे शब्द. आपल्या आजीला यातली एकही गोष्ट दुसरीसारखी वाटली नसती.

शिजणे म्हणजे उष्णता आतपर्यंत पोहोचणे. मासा आतून ६३ अंश सेल्सिअसपर्यंत तापला की जंतू आणि किड्यांच्या अळ्या मरतात. मुरणे म्हणजे मीठ, आंबट आणि मसाला आत उतरणे. मुरताना चव बदलते, पोत बदलतो, रंग बदलतो. जंतू मरतीलच याची काही हमी नसते.

रीलवाला माणूस लिंबू लावलेला मासा दाखवून "बघा, शिजला" म्हणतो, तेव्हा तो मुरण्याला शिजणं म्हणत असतो. एक शब्द इकडचा तिकडे केला आणि कच्चा मासा सुरक्षित झाला. इतकं सोपं असतं तर आम्ही डॉक्टर लिंबाचा गाडा लावून बसलो असतो.

लिंबू माशाचं नेमकं काय करतं?

माशाचं मांस प्रथिनांचं असतं. प्रथिन म्हणजे विशिष्ट घडी घातलेली लांब साखळी. उष्णतेने ही घडी उलगडते, म्हणून तव्यावर पारदर्शक तुकडा पांढरा आणि घट्ट होतो. आम्लानेही ही घडी उलगडते, म्हणून लिंबाच्या रसातही तो पांढरा दिसतो. दिसायला दोन्ही सारखंच. फसगत इथेच होते.

घरातलं उदाहरण घ्या. कच्च्या दुधात लिंबू पिळलं तर दूध फाटतं, पनीर वेगळं होतं. म्हणून ते दूध उकळलेलं ठरतं का? कच्च्या दुधातले जंतू तसेच राहतात. त्यासाठीच पनीर करताना आपण आधी दूध उकळतो आणि मग लिंबू पिळतो. माशाच्या बाबतीत मात्र आपल्याला सांगितलं जातं की नुसतं लिंबू पिळा, उकळायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट. लिंबाचा रस भरपूर आंबट असतो, पण तो पृष्ठभागावर असतो. माशाचं मांस आम्ल शोषून त्याचा जोर कमी करतं, त्यामुळे जाड तुकड्याच्या मध्यापर्यंत आंबटपणा पोहोचतच नाही. सुरीने कापून बघा. कडेला पांढरी पट्टी आणि मध्ये तसाच कच्चा रंग.

आता या "सिट्रस क्युअर" प्रकारात तर रस थोडाच असतो. मुख्य असते किसलेली साल. लिंबाच्या, संत्र्याच्या सालीत सुवासिक तेल असतं. आम्ल असतं रसात. म्हणजे ज्या गोष्टीला माशाचा रक्षणकर्ता म्हणून मिरवलं जातं ती फक्त वासासाठी आहे. छान वास येतो, मी नाकारत नाही. पण वासाने साल्मोनेला मरत नाही.

या पाककृतीत खरं काम करतात मीठ आणि साखर. ती माशातलं पाणी ओढून काढतात. ही पद्धत मूळची स्कँडिनेव्हियातली. तिकडे या पदार्थाला ग्राव्हलाक्स म्हणतात. ग्राव्ह म्हणजे पुरणे, लाक्स म्हणजे सॅल्मन. थंड देशात मीठ लावून मासा जमिनीत पुरून ठेवायचे, त्यावरून हे नाव. तिथली थंडी आणि आपला मे महिना, यात फरक आहे हे मी सांगायला नको.

"मग आपण लिंबाचं लोणचं वर्षभर टिकवतो ते कसं?" असं मला एका काकांनी विचारलं. प्रश्न चांगला आहे. लोणच्यात लिंबू स्वतःच आतून-बाहेरून आंबट असतं, मीठ भरभक्कम असतं आणि मुरायला कित्येक आठवडे मिळतात. मासा आंबट नसतो, त्याला मीठ बेताचं लावतात आणि वेळ मिळतो एक-दोन दिवसांचा. खारवलेल्या सुक्या माशाशीही याची तुलना होत नाही. सुक्या बोंबलात पाणीच उरत नाही, जंतूंना वाढायला जागा नसते. आणि तरीही आपण बोंबील भाजतो नाहीतर कालवणात उकळतो. पिढ्यान्‌पिढ्या मासे खाणाऱ्या कोकणाने माशाला कोकम लावलं, चिंच लावली, लिंबू लावलं, तिरफळ घातलं. पण त्यानंतर चूल पेटवायला ते विसरले नाहीत.

लिंबावर विसंबलेल्या लोकांचं काय झालं?

माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवू नका. जिथे लोक हे करत आले तिथे काय झालं ते बघा.

थायलंडच्या ईशान्य भागात कोई प्ला नावाचा पदार्थ आहे. गोड्या पाण्यातला कच्चा मासा बारीक चिरायचा, त्यात लिंबाचा रस, तिखट आणि पाला. आपल्या रीलमध्ये जे सांगतात नेमकं तेच, फक्त पिढ्यान्‌पिढ्या. त्या माशांत ऑपिस्थॉर्किस नावाच्या यकृतातल्या चपट्या कृमीच्या अळ्या असतात. लिंबाने त्या मरत नाहीत. पोटात गेल्या की पित्तनलिकेत जाऊन बसतात आणि वर्षानुवर्षं राहतात. त्या भागात पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या कृमीला मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे.

नेदरलँड्समध्ये हलकं मीठ लावलेला कच्चा हेरिंग मासा आवडीने खातात. हा मासा खाल्ल्यावर काही लोकांना पोटात असह्य दुखू लागे, शस्त्रक्रिया करावी लागे. १९६० मध्ये डच संशोधकांनी कारण शोधलं: अनिसाकिस जातीच्या कृमीची अळी. ती आतड्याच्या भिंतीत घुसून बसलेली होती. सरकारने लोकांना मीठ वाढवा असं सांगितलं नाही. १९६८ पासून हेरिंग गोठवूनच विकण्याची सक्ती केली, आणि रुग्ण जवळजवळ बंद झाले.

स्पेनमध्ये अँकोव्ही हा छोटा मासा व्हिनेगरमध्ये मुरवून खातात. व्हिनेगर, म्हणजे पुन्हा आंबटच. तिथल्या अनिसाकिसच्या रुग्णांमागे हा पदार्थ मोठं कारण ठरला. २००६ मध्ये स्पेनने कायदा करून असे मासे आधी गोठवणं बंधनकारक केलं.

तीन देश, तीन मासे, आंबट आणि मीठ यांवर तोच भरवसा. अळ्यांना त्यांनी काही झालं नाही. अळ्या मेल्या उष्णतेने किंवा खोल गोठवण्याने.

अनिसाकिसची अळी पोटात गेली तर काही तासांत पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, मळमळ, उलटी. काहींना अंगावर पित्त उठतं. रुग्ण ॲसिडिटी समजून गोळी घेत बसतो. दुर्बीण घालून अळी चिमट्याने काढली की दुखणं थांबतं. आपल्याकडे असे रुग्ण क्वचित दिसतात. आपले मासे फार पवित्र आहेत म्हणून नव्हे. आपण ते शिजवतो म्हणून.

जंतूंची गोष्ट वेगळी, आणि जास्त जवळची

कृमी डोळ्यांना दिसू तरी शकतात. जंतू दिसत नाहीत. माशाच्या संदर्भात तीन नावं लक्षात ठेवा.

पहिला साल्मोनेला. या नावाचा सॅल्मन माशाशी संबंध नाही. डॅनियल साल्मन या अमेरिकी पशुवैद्यकावरून ते पडलं. हा जंतू घाणेरडं पाणी, बर्फ, हात, पाट यांतून माशावर येतो. लिंबाच्या रसातल्या कच्च्या माशावर झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की समुद्री व्हिब्रिओ जंतू बऱ्यापैकी कमी होतात, साल्मोनेला मात्र तग धरतो. म्हणजे लिंबू काहीच करत नाही असं मी म्हणत नाही. ते अर्धवट काम करतं, आणि उरलेलं अर्धं पोटात जातं.

दुसरा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस. १९५० मध्ये जपानमधल्या ओसाकात माशांमुळे मोठी विषबाधा झाली, २० माणसं दगावली, तेव्हा तो सापडला. उबदार समुद्राच्या पाण्यात तो सुखाने राहतो, आणि आपला अरबी समुद्र उबदारच आहे. वर म्हटल्याप्रमाणे रसाने तो कमी होतो, पण जिथे रस पोहोचला तिथेच. साल लावलेल्या जाड तुकड्यात त्याला काही अडचण नाही.

तिसरा लिस्टेरिया. हा सर्वांत कपटी. बाकीचे जंतू फ्रीजमध्ये सुस्त होतात, हा फ्रीजमध्येही वाढतो. मिठालाही दाद देत नाही. म्हणजे "दोन दिवस फ्रीजमध्ये मुरू द्या" ही सूचना लिस्टेरियासाठी दोन दिवसांचा पाहुणचार आहे. स्वीडनमध्ये १९९४-९५ मध्ये लिस्टेरियाची साथ आली, तिचा संशय मीठ-साखर लावून मुरवलेल्या आणि थंड धूर दिलेल्या ट्राउट माशावर होता. ट्राउट हा सॅल्मनचा सख्खा भाऊबंद. निरोगी माणसाला लिस्टेरियाने साधा ताप येऊन जातो. गरोदर बाईला मात्र साध्या तापानंतर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं किंवा नवजात बाळाला मेंदूज्वर होऊ शकतो. खाल्ल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही आठवडे जातात, त्यामुळे त्या ताटाची आठवणही कुणाला राहत नाही.

आता त्या दोन चकत्या आठवा, ज्या सासूबाईंनी बाजूला सारल्या. त्यात लिस्टेरिया होता की नव्हता, मला ठाऊक नाही. त्या मुलीलाही ते कळलं नसतं. म्हणून ताट सारणं हाच एकमेव शहाणपणा होता.

रावस म्हणजे सॅल्मन नव्हे

"लिंबाने शिजतो" हे पहिलं खोटं. "इंडियन सॅल्मन" हे दुसरं. दोन्ही एकत्र आले की धोका दुप्पट होतो.

रावसाला इंग्रजीत इंडियन सॅल्मन म्हणायची पद्धत आहे. ॲपवर तेच नाव छापतात, कारण ते ऐकायला भारी वाटतं. पण रावस सॅल्मनच्या कुळातला नाही. तो आपल्या किनाऱ्याजवळच्या उबदार पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी राहणारा, जाळ्यात पकडलेला रानटी मासा आहे. चवीला उत्तम, कालवणाला राजा. पण सॅल्मनबद्दल परदेशात जे नियम आहेत ते त्याला लागू होत नाहीत.

परदेशात कच्चा खातात तो सॅल्मन बहुतेक नॉर्वेसारख्या थंड देशात पाळलेला असतो. तो कारखान्यात बनवलेलं कोरडं खाद्य खातो, म्हणून त्यात कृमी असण्याची शक्यता फार कमी असते. रानटी माशाला अशी सवलत नाही. तो कच्चा द्यायचा तर आधी गोठवावाच लागतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस अशी आहे: उणे २० अंश सेल्सिअसला सलग ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना घट्ट गोठवून त्याच तापमानात १५ तास.

"मी फ्रीजरमध्ये ठेवला होता ना!" हे वाक्य मला तोंडपाठ झालं आहे. घरचा फ्रीजर चांगला असला तर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. दिवसातून दहा वेळा दार उघडतं, आईस्क्रीम काढलं जातं, बर्फाचा ट्रे भरला जातो. एकदारी जुन्या फ्रीजचा डबा तर तेवढाही थंड नसतो. त्यात आपल्याकडची वीज. पावसाळ्यात बदलापुरात दोन-तीन तास दिवे गेले तर कुणी दखलही घेत नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती. त्या दिवशी ज्यांच्या तळमजल्यात उल्हास नदी शिरली, त्यांना फ्रीज आणि विजेबद्दल माझ्याकडून काही ऐकायची गरज नाही.

आणि गोठवलं तरी फक्त कृमी मरतात. जंतू थांबतात, मरत नाहीत. मासा वितळला की पुन्हा कामाला लागतात.

आपल्या ताटातला मासा कुठून येतो तेही बघा. ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर उतरतो. तिथून बर्फात, कधी टेम्पोने, कधी मासळीवाल्या मावशीच्या पाटीतून लोकलच्या लगेज डब्यात. मुंबईहून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. त्या मावश्या पहाटेपासून राबतात आणि आपल्याला ताजा मासा देतात. मी गेली पंचवीस वर्षं त्यांच्याकडूनच घेतो. पण त्या मासा देतात तो शिजवून खाण्यासाठी. कच्चा खायला म्हणून त्यांना मागून बघा, त्या तुमच्याकडे कशा बघतील ते मला लिहून कळवा.

जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते. पहिल्या पावसात आपल्याकडे वलगणीचे मासे चढतात, बाजारात ते आणि तळ्यातले रोहू-कटला दिसू लागतात. त्या काळात एखादा हौशी माणूस "रावस नाही तर हा घेऊ" म्हणून गोड्या पाण्यातल्या माशाला लिंबू लावेल, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते. थायलंडची गोष्ट गोड्या पाण्यातल्या माशाचीच होती, हे पुन्हा वाचा.

बांगडा, कुपा, सुरमई यांच्याबाबत आणखी एक. हे मासे उन्हात किंवा बर्फाशिवाय राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते. हे हिस्टामीन लिंबाने जात नाही, गोठवून जात नाही, शिजवूनही जात नाही. इथे उपाय एकच: मासा पहिल्यापासून बर्फात असणं.

"पण डॉक्टर, जपानी लोक तर..."

हो, जपानी लोक कच्चा मासा खातात. आणि जगात अनिसाकिसचे सर्वाधिक रुग्णही जपानमध्येच नोंदले जातात. सॅल्मनबद्दल तर गंमत आहे. जपानी लोक पूर्वी सॅल्मन कच्चा खात नसत, कारण त्यांच्या समुद्रातल्या रानटी सॅल्मनमध्ये कृमी असतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. ते तो मीठ लावून भाजत. १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला सॅल्मन विकण्यासाठी जपानमध्ये मोहीम चालवली, त्यानंतर सॅल्मनची सुशी रूढ झाली. म्हणजे ज्यांचं उदाहरण आपण देतो, ते आपल्यापेक्षा जास्त जपून होते.

"शिजवल्याने ओमेगा-३ जातं ना?" जात नाही. वाफवलेल्या, कालवणातल्या किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजलेल्या माशात ते मोठ्या प्रमाणात राहतं. ओमेगा-३ च हवं असेल तर महागडा सॅल्मनही लागत नाही. आपली तारली आणि बांगडा त्याने भरलेले आहेत.

"वर मोहरी लावली होती, मिरपूड होती." चव वाढली. बाकी काही नाही.

"मी खाल्ला, मला काही झालं नाही." हेल्मेट न घालता घरी पोहोचलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. जो पोहोचला नाही तो बोलायला येत नाही.

हे कुणी अजिबात खाऊ नये

कच्चा किंवा नुसता मुरवलेला मासा, कोणताही, कितीही महाग, खालील लोकांनी टाळावा.

- गरोदर स्त्रिया
- पाच वर्षांखालची मुलं आणि ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ
- मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा आजार असलेले, विशेषतः दारूमुळे यकृत खराब झालेले
- केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे
- रोज पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या घेणारे

शेवटच्या ओळीने बरेच जण दचकतील, कारण या गोळ्या निम्मं गाव घेतं. पोटातलं आम्ल हा जंतूंविरुद्धचा आपला पहिला पहारेकरी. गोळी त्याला झोपवते. त्या ६८ वर्षांच्या काकांची रोजची एक पँटोप्राझोल चालू होती.

रक्तदाबाच्या रुग्णांसाठी वेगळी सूचना. अशा मुरवलेल्या माशात मीठ भरपूर असतं. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा चार चकत्यांत बरीच वापरली जाते. पापड-लोणचं सोडून ग्राव्हलाक्स धरण्यात काही अर्थ नाही.

मग लिंबू-संत्र्याचा मासा खायचाच नाही का?

खा की. फक्त क्रम पूर्ण करा. मुरवा, आणि मग शिजवा.

रावस असो की खरा सॅल्मन, तुकड्यांना मीठ, थोडी हळद, लिंबाची किसलेली साल आणि संत्र्याचा रस लावून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. ओट्यावर ठेवू नका. मग केळीच्या पानात गुंडाळून दहा-बारा मिनिटं वाफवा, तुकडा जाड असेल तर आणखी थोडा वेळ. लिंबू लावलेला मासा आधीच पांढरा दिसतो, म्हणून रंगावर जाऊ नका. मधला भाग काट्याने उकला. तो सहज सुटून आला आणि आतून वाफ निघाली तर शिजला. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ६३ अंश बघा. वास सगळा राहतो, चव राहते, जंतू राहत नाहीत.

कच्च्या माशाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा, साबणाने धुवा. त्याच पाटावर कोशिंबीर चिरू नका.

निरोगी प्रौढ माणसाला हा प्रकार एकदा चाखायचाच असेल, तर जिथे पाळलेला, नियमाप्रमाणे गोठवलेला सॅल्मन आणतात आणि वेष्टनावर तसं छापलेलं असतं, तिथला घ्यावा. तरीही जंतूंचा धोका शून्य होत नाही, हे जाणून खावा. वेष्टनावर नुसतं "फ्रेश" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ तो मासा शिजवण्यासाठी आहे.

आणि खाल्ल्यावर त्रास झालाच, तर ओआरएस सुरू करा. रक्ताचे जुलाब, १०१ च्या वर ताप, लघवी कमी होणं, पाणीही न टिकणं, पोटात असह्य कळ यांतलं काहीही असेल तर थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. गरोदर बाईला असा मासा खाल्ल्यानंतर दोन महिन्यांच्या आत ताप आला तर तो "व्हायरल" म्हणून सोडू नका. काय खाल्लं होतं ते डॉक्टरांना आपणहून सांगा. मनाने उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका.

रील बनवणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. पाककृती जरूर दाखवा, पण "शिजला" म्हणू नका. "कच्चा आहे, मुरवलेला आहे" असं म्हणा. ॲपवाल्यांनी रावसाला रावस म्हणावं. हे दोन शब्द खरे बोलले गेले असते, तर त्या काकांचे पाच दिवस रुग्णालयात गेले नसते.

डिस्चार्जनंतर काका तपासणीला आले, तेव्हा बरोबर सासूबाईही होत्या. मी म्हटलं, "काकू, तुम्ही सुनेला अडवलंत ते फार बरं केलंत." त्या म्हणाल्या, "अहो डॉक्टर, मासा कच्चा होता. त्यात काय कळायचं?"

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबद्दल आणि औषधांबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.)